बिनसुळ्याचा हत्ती

श्वेबो
८ ऑक्टोबर १९९८

मौंग ल्विन,

थडिंज्यूतच्या सणाचे दिवे लागले आणि विझले. गल्लीतली सगळी धाकटी माणसं थोरल्यांच्या पाया पडून गेली. माझ्या वर्गात बसलेली पोरं, जी आता स्वतःच टकली झालीत, तीसुद्धा केळी आणि मेणबत्त्या घेऊन आली. ज्याने यायला हवं तो माझा सख्खा धाकटा भाऊ मात्र आला नाही. त्याने पार्सलने साबण पाठवला. साबणाने पाया पडता येत असतं तर आईने तुला कशाला जन्माला घातलं असतं? दुकानातून एक वडी आणली असती.

इकडची खबर अशी, की राजाचा महाल पुन्हा उभा राहतोय. खंदकाच्या आत, जिथे आपण बोरं वेचायचो, तिथे आता सिमेंटचे खांब आहेत आणि त्यांना सागवानाचा रंग फासणं चाललंय. परवा मुकादम घरी आला. म्हणाला, "बाई, सिंहासनाची खोली नेमकी कुठे होती? तुम्हाला आठवत असेल." मी म्हटलं, "अरे बाबा, दिसते तेवढी म्हातारी नाहीये मी." तरी गेले. उन्हात उभी राहिले आणि त्याला सांगितलं, की ह्या बोरीच्या रानात एक गावचा पाटील उठला, शेहेचाळीस गावं गोळा केली आणि बघता बघता राजा झाला. त्या शेहेचाळीस गावांतल्या एका गावचा आपला खापरपणजा, राजाच्या हत्तीदळातला शूर गडी. तू पुन्हा म्हणशील, तो गवत कापायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ल्विन, थट्टा पुरे. मला आता एकटीने करमत नाही. एक वाटी भात शिजवते, तोही दुसऱ्या दिवशी पुरतो. संध्याकाळी घरात माझ्याच चपलांचा आवाज येतो. तू रेल्वेच्या नोकरीला निघालास तेव्हा मी तुला जयभूमीवर नेलं होतं, स्वारीवर निघताना राजे उभे राहायचे तिथे, आणि तिथली चिमूटभर माती तुझ्या रुमालात बांधली होती. ती माती घेऊन गेलेला जिंकून परत येतो म्हणतात. तू जिंकलास की नाही ते मी विचारत नाही. पण परत ये. उरलेले दिवस एका छपराखाली काढू.

तुझी ममा,
सान ठे


मौलमीन
२ नोव्हेंबर १९९८

ममा,

साबण लिंबाचा होता, वापरून तर बघायचास. थोरल्या बहिणी इतक्या रागावतात हे इथल्या मोन लोकांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. यीन तुझं पत्र मोठ्याने वाचत होती आणि मधेमधे माझ्याकडे बघून हसत होती. तुला ती जीडॉ म्हणते, आत्या. म्हणाली, "बाबा, जीडॉंनी तुम्हाला पार धुतलं, तेही बिनसाबणाचं."

ही यीन म्हणजे माझ्या बायकोची पहिल्या घरची मुलगी, हे तुला ठाऊक आहे. आई गेल्यावर ती आपल्या वाटेने जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. धक्क्यावर नारळाच्या रश्शातल्या शेवयांची गाडी लावते, दुपारी माझ्यासाठी डबा घेऊन येते आणि मी मीठ जास्त घेतलं की ओरडते. पस्तिशी ओलांडली, लग्नाचं नाव काढत नाही. सगळ्यांपुढे फार बोलत नाही, घरात मात्र मला सोडत नाही.

खापरपणजा गवतच कापायचा. यात कमीपणा कसला? हत्ती काय शौर्य खातात? तू तीस वर्षं पोरांना राजे शिकवलेस म्हणून तुझ्या घरातला प्रत्येक माणूस तुला घोड्यावर बसलेला दिसतो.

छातीत घुरघुर आहे. थंडी सरली की बरं वाटेल. एप्रिलात पाण्याचा सण झाला की येतो, खरंच येतो. यीन मागून म्हणतेय की हे वाक्य गेल्या वर्षीही तिने ऐकलं होतं. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

तुझा,
ल्विन


श्वेबो
२० डिसेंबर १९९८

मौंग ल्विन,

या वेळी मी तुझ्या शब्दावर विसंबले नाही, कामाला लागले. मागच्या खोलीला चुना लावून घेतला. पलंगाच्या पट्ट्या बदलल्या. तुझ्यासाठी जाड पांघरूण घेतलंय, कारण मौलमीनच्या दमट हवेत राहून तू इथली कोरडी थंडी विसरला असशील. आता आला नाहीस तर सगळी गल्ली मला हसेल. मी सगळ्यांना सांगून बसलेय.

महालाला सोनेरी रंग चढलाय. लांबून बरा दिसतो. जवळ गेलं की दिसतं तसं नसतं. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींनी ठरवलंय की महाल उघडेल त्या दिवशी मी राजाविषयी चार शब्द बोलायचे. तेव्हा एक काम कर. राजाचा शेवट तुझ्या बाजूला झाला, मोत्तमाजवळ. तिथली म्हातारी माणसं त्याच्याविषयी काय सांगतात ते विचारून लिही. पुस्तकातलं मला पाठ आहे, मला तोंडचं हवंय.

घुरघुर कमी झाली का? आल्याचा रस घे. आणि यीनला सांग, तिच्यासाठी इथल्या तनाख्याचं खोड ठेवलंय. श्वेबोचा तनाखा उगाळून चेहऱ्याला लावला की मौलमीनच्या बायका जळतील. तू येशील तेव्हा तिलाही घेऊन ये.

तुझी,
ममा


मौलमीन
११ फेब्रुवारी १९९९

ममा,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. हाताला कंप सुटलाय, म्हणून हे पत्र यीनकडून लिहून घेतोय. अक्षर वेगळं दिसलं तर काळजी करू नकोस. बाकी मी बरा आहे.

खोलीला चुना लावल्याचं ऐकून फार बरं वाटलं. तू माझ्यासाठी किती करतेस. पण यंदा प्रवास झेपेल असं वाटत नाही. वैद्यबुवा नको म्हणतात. पुढच्या वर्षी बघू.

खापरपणज्याविषयी तू म्हणतेस ते खरं असणार. तो शूरच असला पाहिजे. राजाविषयी इथले म्हातारे फारसं सांगत नाहीत. एवढंच म्हणतात की त्याच्यासारखा राजा पुन्हा झाला नाही. हे तुझ्या भाषणात घाल.

माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात टेकडीवरच्या पगोड्यात जाऊन आलो. बुधवारी जन्मलेल्यांच्या दक्षिण कोपऱ्यात, सुळेवाल्या हत्तीपाशी, वयाइतके पेले पाणी घातलं आणि तुझ्या नावानेही एक घातला. खूप प्रसन्न वाटलं.

तू स्वतःला जप. गार पाण्याने अंघोळ करू नकोस.

तुझा,
ल्विन


श्वेबो
१ मार्च १९९९

मौंग ल्विन,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग उशीखाली ठेवलं आणि पुन्हा काढून वाचलं.

हाताला कंप असेल तर तू लिहूच नकोस. यीनलाच लिहू दे. तिचं अक्षर छान आहे, गोल आणि सरळ. तिने शाळा कुठपर्यंत केली? तू कधी सांगितलं नाहीस. आणि तुझं आजारपण काढताना ती गाडी कशी सांभाळते? धक्क्यावरून घरी येते तेव्हा तिला जेवायला कोण वाढतं? का दुपारचंच गार खाते? शेजारी कुणी आहे का, की ज्याच्या घरी ती संध्याकाळी जरा टेकू शकेल?

तू म्हणशील, ममाने माझी चौकशी करायची सोडून पोरीची काय चालवलीय. चालवलीय खरी. तुझी चौकशी मी आयुष्यभर केली.

इथे कडुलिंबाला मोहोर आलाय. महालाच्या भाषणाचं मी अजून काही लिहिलेलं नाही. लिहायला बसते आणि खिडकीतून बाहेर बघत राहते. यीनने लवकर उत्तर लिहावं. तुझ्या वतीने.

ममा


मौलमीन
२६ एप्रिल १९९९

ममा,

तू विचारलंस म्हणून लिहितो. यीन दहावीपर्यंत शिकली. पुढे शिकायचं होतं, पण आई आजारी पडली. गाडी ती पहाटेच लावते. पूर्वी घरी डबा घेऊन यायची, आता यायचं कारण नसतं, म्हणून तिकडेच खाते. म्हणजे मला वैद्यबुवांनी पेज सांगितलीय, म्हणून.

शेजारचं घर बंद आहे. ती माणसं सीमेपलीकडे कामाला गेली. संध्याकाळी यीन घरी आली की लगेच दिवा लावत नाही. थोडा वेळ पायरीवर बसते. मी विचारलं तर म्हणते, दिवा लावला की सगळं घर दिसतं.

पाण्याच्या सणाला सगळं गाव भिजलं. यीन घरीच होती. गल्लीतल्या पोरांनी दारावरून हाका मारल्या, मग ती पोरं पुढे निघून गेली. दुःखाच्या घरावर पाणी कोण टाकणार. आजारपणाच्या घरावर, असं म्हणायचं होतं.

तुझं पत्र आलं की ती पोस्टमनला थांबवून घेते. तिला तुझी पत्रं आवडतात. लिहीत राहा.

ल्विन


श्वेबो
१२ मे १९९९

यीन,

हे पत्र तुला लिहितेय. मोठ्याने वाचू नकोस, ऐकायला कुणी नाही हे मला ठाऊक आहे.

माझा भाऊ बुधवारी दुपारी जन्मला. ज्योतिषाने आईला सांगितलं, "हे राहूचं पोर, घरात टिकायचं नाही." आईने शक्कल काढली. बुधवारी सकाळी जन्मलेल्यांना देतात तसं 'ल'चं नाव दिलं आणि गावभर सांगितलं की पोर सकाळीच झालं. पण पगोड्यात मात्र ती त्याला गुपचूप दुपारनंतर जन्मलेल्यांच्या वायव्य कोपऱ्यात न्यायची, बिनसुळ्याच्या हत्तीपाशी. म्हणायची, "ग्रहांना फसवू, बुद्धाला नको." हे आई, मी आणि तो, तिघांनाच माहीत होतं. सकाळवाल्यांच्या दक्षिण कोपऱ्यात ल्विन पाणी घालायला कधी गेला नसता. फेब्रुवारीच्या पत्रात ते वाचलं आणि मला कळलं. ग्रहही काही फसले नाहीत बघ. गेलाच शेवटी घर सोडून.

मी रागावले. माझ्या भावाचं मरण माझ्यापासून लपवणारी ही कोण, असं वाटलं. आणि तरी मार्चमध्ये त्याच्याच नावाने पत्र टाकलं. का, ते सांगते.

सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक धडा शिकवला. सयामच्या स्वारीवरून परतताना राजा तुमच्या मोत्तमाजवळ वारला. सेनापतींनी ते कुणाला कळू दिलं नाही. पडदे सोडलेल्या पालखीतून त्याला नेत राहिले आणि हुकूम त्याच्याच नावाने काढत राहिले, सैन्य घाबरून पांगू नये म्हणून. दर वर्षी कुणीतरी पोर उठून विचारायचं, "बाई, पालखी उचलणाऱ्यांना कळलं नसेल का?" मी म्हणायचे, "पुस्तकात नाही, परीक्षेत येणार नाही, बस खाली." आज त्या पोरांना बोलवून सांगावंसं वाटतं, की त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. खांद्यावरचं ओझं बोलतं की. पण ते चालत राहिले, कारण कबूल केलं असतं तर पालखी खाली ठेवावी लागली असती. मलाही ती खाली ठेववेना.

पण तुझं एप्रिलचं पत्र वाचलं आणि वाटलं, हे आता पुरे. तिथे एक पोर अंधारात पायरीवर बसते आणि इथे मी मेलेल्या माणसाला सांगते, हाताला कंप असेल तर लिहू नकोस.

कधी गेला तो? सातव्या दिवशी भिक्षूंना जेवण घातलंस ना? एकटीने सगळं केलंस? तुझ्यावर माझा राग नाही. एवढंच सांगते, की नक्कल तुला जमली नाही. "तू म्हणतेस ते खरं" हे शब्द ल्विनच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते.

त्याच्यासाठी चुना लावलेली खोली तशीच आहे. तू ये. त्याच्या नावाने इथल्या भिक्षूंनाही एकदा जेवण घालू. मग तुला राजाचा महाल दाखवीन. सिंहासनाच्या खोलीत मी स्वतः तुला घेऊन जाईन.

सान ठे


मौलमीन
३ जून १९९९

जीडॉ,

तुम्हाला तुम्हीच म्हणते आता. त्यांच्या नावाने 'तू' लिहिताना मला दर वेळी लाज वाटायची.

बाबा जानेवारीतल्या पौर्णिमेनंतर गेले. सकाळी मी चहा समोर ठेवला, चूल सारखी करून मागे वळले आणि तेवढ्यात गेले. चहा अजून निवलाही नव्हता. सातव्या दिवशी भिक्षूंना जेवण घातलं. धक्क्यावरच्या बायका मदतीला आल्या आणि जेवणं झाल्यावर गेल्या. तुमचं चुना लावल्याचं पत्र मी बाबांना ते जाण्याआधी वाचून दाखवलं होतं. म्हणाले, "आता जावंच लागणार, म्हातारीने घर रंगवलंय." त्या दिवशी त्यांनी ट्रंकही खाली काढायला लावली.

तुम्हाला कळवायलाच बसले होते. वर "ममा" असं लिहिलं आणि पुढचं वाक्य लिहवेना. ते लिहिलं असतं तर तुमचं पुन्हा पत्र आलं नसतं. मला कोण लिहिणार होतं? म्हणून त्यांच्यासारखं लिहीत गेले.

आता कोपऱ्याचं. माझाही जन्म बुधवारच्या संध्याकाळचा. दर बुधवारी बाबा माझ्याबरोबर टेकडी चढायचे आणि वायव्येला माझ्या शेजारी उभे राहून पाणी घालायचे. मी म्हणायचे, "बाबा, तुमचा कोपरा तिकडे." ते म्हणायचे, "तुला सोबत." इतकी वर्षं मी समजत होते की ते माझ्यासाठी स्वतःचा कोपरा सोडून येतात. तुमचं पत्र वाचून आधी फार वाईट वाटलं. माझ्या हक्काचं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं. मग पगोड्यात गेले, त्या बिनसुळ्याच्या हत्तीपाशी बसले आणि खूप रडले. आमचा दोघांचा कोपरा एकच होता. त्यांनी हे मला सांगायला हवं होतं.

जीडॉ, अजून एक लिहिते. राग आला तर येऊ दे. "त्याच्यासारखा राजा पुन्हा झाला नाही" हे लिहिताना माझा हात खरोखर कापत होता. माझी आजी पेगूकडची मोन. त्या राजाने पेगू, आमची राजधानी, जाळली, तेव्हा भिक्षूंनासुद्धा सोडलं नाही, असं ती सांगायची. जी माणसं वाचली ती सयामला पळाली. आमच्या घरात त्याचं नाव निघालं की आजी जेवणावरून उठायची. तुम्ही मुलांना पालखीचा धडा शिकवलात. पालखीच्या आधीचा शिकवलात का? तुम्ही म्हणता, सैन्य घाबरू नये म्हणून मरण लपवलं. आजी म्हणायची, आमच्या लोकांना कळलं असतं तर त्यांनी वाट अडवली असती, म्हणून लपवलं. मी बाबांना हे ऐकवायचे तेव्हा ते म्हणायचे, "हे तू ममाला ऐकव, मला नको."

मला यायचंय. घर बंद करून, गाडी धक्क्यावरच्या एका बाईकडे देऊन येईन. पण तुमच्या राजाच्या महालात मी पाऊल टाकणार नाही. मला 'हे चालेल का' असं विचारायची सवय नाही, तरी विचारते. चालणार नसेल तर तसं कळवा. मी इथे राहीन. राहतेच आहे.

यीन


श्वेबो
१९ जून १९९९

यीन,

पत्र वाचून मी आधी कपाटातली सगळी पुस्तकं खाली काढली. तुझी आजी चुकली असं एका तरी पानावर सापडेल म्हणून शोधत होते. पेगूच्या लढाईवर दोन ओळी आहेत आणि त्यात फक्त कोण जिंकलं ते आहे. तीस वर्षं मी त्या दोन ओळी वाचून पुढचं पान उलटलं. वाट अडवण्याचं मात्र मला अजून पटलेलं नाही. राजाच्या पिछाडीला तगडी फौज होती, तुझ्या लोकांना ते जमलं नसतं. पण हे भांडण पत्राने होण्यासारखं नाही. दोन-तीन आठवडे थांबून उत्तर यायचं म्हणजे रागच राहत नाही.

महालात नको जाऊस. मुकादमाला मी निरोप धाडलाय, की भाषणाला दुसरं कुणीतरी बघा. पेगूचं सांगितल्याशिवाय मी बोलणार नाही, आणि ते सांगितलेलं त्यांना चालणार नाही.

नदी ओलांडून मोत्तमाहून गाडी धर, यांगोनला बदल, मंडालेला बदल. मंडालेहून येताना पाणी बरोबर घे, वाटेत मिळत नाही. स्टेशनवर मी असेन. खोलीत चुन्याचा वास अजून आहे, दोन दिवस खिडकी उघडी ठेवू.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. चहा निवला नव्हता म्हणतेस. त्याने त्यातला घोटभर तरी घेतला होता का? हे मात्र लिहून कळवू नकोस. इथे ये आणि माझ्यासमोर बसून सांग.

जीडॉ